शेंदराखालचा माणूस

रस्त्याकडेचे दगड वाचायची मला खोड आहे. हा नाद आजोबांचा. संगमेश्वराकडच्या आमच्या गावात देवळामागे जुने कोरीव दगड ओळीनं उभे होते, लढाईत पडलेल्या माणसांचे, आणि आजोबा मला बोटाला धरून एकेका दगडापुढे उभं करायचे. लग्न होऊन मुलुंडला आले, तिथल्याच शाळेत शिकवायला लागले, आणि घर ते शाळा या वाटेवर जेवढे म्हणून दगड होते तेवढे पहिल्या वर्षातच वाचून काढले. आग्रा रोडच्या कडेला मैलाचा एक दगड होता. त्याच्यावरचा आकडा झिजून गेलेला, आणि एक न्हावी त्याला आरसा टेकवून गिऱ्हाइकांच्या दाढ्या करायचा. गावठाणाच्या तोंडाशी क्रूस होता, प्लेगच्या साथीत उभा केलेला. तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरांतल्या बायका मे महिन्यात संध्याकाळी त्याच्यापुढे जमून प्रार्थना म्हणायच्या आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर उकडलेले चणे ठेवायच्या. मी ते चणे न चुकता खाल्ले आहेत. बाजारातल्या पाणपोईवर कोणा शेठाणीच्या स्मरणार्थ पांढराशुभ्र संगमरवर बसवला होता, नाव ठसठशीत आणि नळाला पाण्याचा पत्ता नाही. पुढे एका मोकळ्या प्लॉटवर बागेची कोनशिला होती. बाग झालीच नाही, त्यामुळे कोनशिलेवर बकऱ्या बसायच्या. नवरा म्हणायचा, या दगडांपायी तू एक दिवस शाळेत उशिरा पोचणार आहेस. एकदा नाही, अनेकदा पोचले.

पण ज्या दगडाची गोष्ट सांगायला बसले आहे, त्याच्यावर अक्षर नव्हतं आणि आकडाही नव्हता. तो आमच्या चाळीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर होता. गुडघ्याच्या वर येईल एवढा, अंगभर शेंदूर फासलेला, वरच्या बाजूला दोन फुगवटे आणि त्यांच्यावर चिकटवलेले चांदीचे डोळे. लोक त्याला वळणावरची आई म्हणत. खाणीतून खडी घेऊन उतरणारे ट्रकवाले तिथे गाडी हळू करून हात जोडायचे. चाळीत नवी सून आली की उंबरठा ओलांडण्याआधी तिला आईची ओटी भरावी लागायची. मीही भरली. खण, नारळ, तांदूळ आणि हिरव्या बांगड्या. बांगड्या दगडाला कशा भरणार, म्हणून त्या शेजारच्या जांभळीच्या फांदीला अडकवायच्या. वारा आला की त्या वाजायच्या, आणि खरं सांगते, तो आवाज मला आवडायचा.

या आईची सगळी देखभाल माझ्या सासूबाईंकडे होती. कोणी नेमलेलं नव्हतं, त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं होतं. दर मंगळवारी तेलात शेंदूर कालवून त्या वळणावर जायच्या आणि हातानं थर चढवायच्या. ब्रशबिश नाही, तळहातानंच. परत यायच्या तेव्हा कोपरापर्यंत केशरी झालेल्या असायच्या आणि घरातल्या माठापासून कडीपर्यंत सगळीकडे त्यांची बोटं उमटायची. मी कपाळाला हात लावायचे. शेंदराचे डाग निघत नाहीत, हे ज्यांनी घासले आहेत त्यांनाच माहीत.

त्या मालवणकडच्या, खलाश्यांच्या घरातल्या. सासरे गिरणीत होते, माझ्या लग्नाआधीच गेले. दोन मुलगे. धाकटा माझा नवरा. थोरल्याला गिरणीची हवा मानवली नाही. तो मामाच्या मागे लागून गलबतावर खलाशी झाला. कोकणातून कौलं भरून मुंबईला आणायची आणि परत जायचं, असं त्याचं चाललं होतं. माझ्या लग्नाच्या आधीच, एका वर्षी पावसाळ्याआधीच्या शेवटच्या खेपेला गलबत बंदरातून निघालं आणि पोचलं नाही. माणूस आला नाही आणि फळीही आली नाही. इतर खलाश्यांच्या घरी यथावकाश रडून झालं, दिवस झाले, कार्य झालं. आमच्या घरी नाही झालं. सासूबाईंनी कोणाला रडूच दिलं नाही. "माझो झील येतलो," एवढंच त्या म्हणायच्या. झील म्हणजे मुलगा. मालवणीत हा शब्द इतका लाडाचा आहे की तो ऐकला की पुढे वाद घालायची माझी हिंमत व्हायची नाही.

त्यांनी वळणावरच्या आईला नवस बोलला होता. थोरला घरी येईपर्यंत मासा तोंडात घालणार नाही. मालवणी बाईनं मासे सोडणं म्हणजे काय, ते मालवणी माणसालाच कळेल. आणि घरात मासे शिजायचे बरं का. त्या स्वतः शिजवायच्या, आमच्यासाठी. बांगड्याचा तिखला असा करायच्या की शेजारचे गुजराती दार लावून घ्यायचे आणि आमच्या मजल्यावरचे बाकीचे वाट्या घेऊन यायचे. पण चव घ्यायला मला हाक मारायच्या. मी रस्सा तळहातावर घेऊन चाखायचे आणि मीठ बरोबर आहे म्हणायचे. त्या मग स्वतःसाठी डाळभात घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

वर्षाचे बाकीचे दिवस हे निभून जायचं. पण सर्वपित्री अमावस्या आली की घरात कुरुक्षेत्र. त्या दिवशी गेलेल्यांच्या नावानं पान मांडायचं असतं. गावाहून चुलत सासरे यायचे आणि दरवेळी तोच विषय काढायचे. थोरल्याची दर्भाची आकृती करून तिला अग्नी द्या, त्याला मोकळं करा, म्हणजे त्याचं पान मांडता येईल. तो ना इथला ना तिथला असा अधांतरी राहिला आहे, त्याला पाणी मिळत नाही. ते दर्भ सोबत घेऊनच यायचे. सासूबाई तो दर्भ उचलून चुलीत घालायच्या. "जित्या माणसाचा पान मांडतास?" असं विचारून अशा बघायच्या की म्हाताऱ्याचं तोंड बंद व्हायचं. नवरा मान खाली घालून वडिलांच्या नावानं एकच पान वाढायचा. भावाचं काय करायचं, हे त्याला आईपुढे विचारता येत नव्हतं आणि मनातून काढताही येत नव्हतं. एकदा मला म्हणाला, मला दादासाठी एकदा मोकळेपणानं रडायचंय, पण या घरात ते पाप आहे.

मला राग यायचा तो त्या दगडाचा. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात मास्तरीण. मला वाटायचं, हा दगड या बाईला धरून बसला आहे. ती थर चढवते आणि हा काही देत नाही, नाहीसुद्धा म्हणत नाही. मंगळवारी शेंदराची पुडी संपलेली असली की ती आणायला मलाच जावं लागायचं, आणि मी धुसफुसत जायचे.

मग डोंगराच्या पायथ्याशी इमारती उठायला लागल्या. ऐंशीच्या पुढची ती वर्षं, जिथे बघावं तिथे खडी आणि सिमेंट. खाणीचा रस्ता रुंद करायचं ठरलं आणि वळणावरची आई नेमकी आखणीत आली. कंत्राटदाराचा मुकादम नगरकडचा होता, अंगानं दांडगा आणि देवभोळा. त्याची माणसं त्या दगडाला पहार लावायला तयार नव्हती, आणि आतून तोही नव्हता. तो आमच्या घरी आला, दारातच उकिडवा बसला आणि सासूबाईंना म्हणाला की आईचा कौल तुम्हीच घ्या, तुम्ही सांगाल तसं करतो. सासूबाईंनी अटी घातल्या. यंत्रानं उचलायचं नाही, हातानं उचलायचं. नारळ द्यायचा. रस्त्याच्या आतल्या अंगाला, जांभळीच्या मुळाशी परत उभं करायचं आणि तोंड होतं त्याच दिशेला ठेवायचं. मुकादमानं सगळं कबूल केलं आणि चहा न पिता गेला. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. आई हलली आणि ती नवस विसरली तर काय, ही त्यांना भीती होती. त्यांनी ती बोलून दाखवली नाही, पण मला कळली.

त्या आठवड्यात रोलर वर-खाली फिरत होता. आमच्या मांडणीवरची भांडी दिवसभर किणकिणायची. रविवारी सकाळी मुकादमानं दगड हलवायचं ठरवलं. शाळा नव्हती, म्हणून मीही गेले. अख्खी चाळ जमली होती. नारळ फुटला, कापूर जळला आणि दोघा गड्यांनी दगडाभोवती खणायला सुरुवात केली. मुकादमाचा अंदाज होता की हातभर खाली दगड संपेल. पण दगड संपेना. जेवढा वर होता तेवढाच, किंबहुना जास्तच, खाली होता. गडी खड्ड्यात उतरले. मग एकानं बुडाशी पहार घातली आणि दुसऱ्यानं जोर लावला.

आधी एक कट असा आवाज झाला. मला वाटलं दगड फुटला. पण तडा गेला होता शेंदराला. रोलरच्या हादऱ्यांनी तो आधीच आतून सुटला असावा. वरपासून एक रेघ खाली धावली, आणि वर्षानुवर्षं चढत गेलेला तो जाड थर, चांदीच्या डोळ्यांसकट, सावकाश सुटून पुढे झुकला आणि तीन-चार मोठ्या तुकड्यांत मातीवर आडवा झाला. मुकादमानं चपला काढल्या. जांभळीवरच्या बांगड्या तेवढ्या वाजत होत्या.

मग एकदम सगळ्या बायका बोलायला लागल्या. आईनं खोळ सोडली. हे शुभ की अशुभ यावर दोन तट पडले. आमच्या समोरच्या खोलीतली बाई म्हणाली की आता चाळीची वाट लागली. दुसरी म्हणाली, गप गं, देवानं खोळ सोडणं भाग्याचं असतं, माझ्या माहेरी झालं होतं. एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं की आईला असं उघडं ठेवायचं नाही, ताबडतोब नवा शेंदूर चढवायचा आणि सुटलेली खोळ खाऱ्या पाण्यात सोडायची. कोणी शेंदूर आणला, कोणी तेल. वाटीत कालवून झालं आणि ती वाटी सासूबाईंच्या हातात दिली गेली. तो मान त्यांचाच होता.

तोवर गड्यांनी दगड पुरा उपसून जांभळीला टेकवून उभा केला होता. माझ्या छातीशी येत होता. चिखल धुवायला मुकादमानं त्याच्यावर हंडाभर पाणी ओतलं. पाणी खाली उतरत गेलं आणि त्याच्या मागोमाग दगडातून माणसं बाहेर आली.

मी असं काही पुन्हा पाहिलं नाही. खालचा भाग जमिनीत राहिल्यामुळे त्याला शेंदूर लागलाच नव्हता, आणि ऊन-पाऊसही लागला नव्हता. काल कोरल्यासारखा तो होता. पाण्यावर उभी असलेली जहाजं, कंगव्याच्या दातांसारखी त्यांची वल्ही, वर उभे धनुर्धारी. वरच्या भागातही कोरीव काम होतं, शेंदरानं झाकलेलं आणि शेंदरानंच जपलेलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ज्या दगडावर अक्षर नाही म्हणून मी इतकी वर्षं नुसतं हात जोडून पुढे जात होते, तो या सगळ्या वाटेवरचा सर्वांत बोलका दगड होता. आजोबांची फार आठवण झाली. ते असते तर त्यांनी तिथे मातीतच बसकण मारली असती. मी मारली.

सासूबाई वाटी घेऊन उभ्याच होत्या. शेंदूर लावत नव्हत्या. बायका घाई करत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तू दगड वाचतंस ना गो? मगे ह्यो वाच."

मी सांगितलं की हा वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या माणसाची आठवण, आणि तो खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खाली लढाई. मी होड्या दाखवायला बोट टेकवलं, तर त्यांनी मला लगेच सुधारलं. होडी म्हणू नको, ही तारवं आहेत, ही नाळ, म्हणजे पुढचं टोक, इथे सुकाणू, हा सुकाणूवरचा माणूस. वाकून, अगदी नाक लावून त्या बघत होत्या. खलाश्याच्या लेकीला जहाज शिकवायची काही गरज नव्हती. मग त्यांचं बोट एका ठिकाणी थांबलं. जहाजावरून एक माणूस डोकं खाली, पाय वर असा पाण्यात पडत होता. मी बोलायचं थांबले.

"फुडे वाच," त्या म्हणाल्या.

वरच्या चौकटीत त्याच माणसाला दोन्ही बाजूंनी बायका उचलून नेत होत्या. या कोण, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, अप्सरा, त्याला न्यायला आल्यात. त्याच्या वर तो माणूस हात जोडून महादेवाच्या पिंडीपुढे मांडी घालून बसला होता. कपडे नीट, केस नीट, चेहऱ्यावर पाण्याचा मागमूस नाही. आणि सगळ्यात वर एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्रकोर. ते आहेत तोवर याची आठवण राहील, असा त्याचा अर्थ. ज्यांना डोळे समजून आम्ही चांदी चिकटवली होती, ते दोन फुगवटे म्हणजे हे चंद्र-सूर्य होते.

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे हा बाप्या आहे? आणि आपण याच्या ओट्या भरल्या?" त्यावर एक जण फिस्सकन हसली, मग दुसरी, आणि मग सगळ्याच. इतकी वर्षं एका लढवय्या दर्यावर्द्याला आम्ही खण दिले, गजरे माळले, सौभाग्य मागितलं. बिचाऱ्यानं सगळं निमूट सोसलं. मीही हसले. मुकादम तोंडाला टॉवेल लावून हसत होता.

सासूबाई हसल्या नाहीत.

"ह्यो दगड कोणी उभो केलो?" त्यांनी मला विचारलं.

"त्याच्या माणसांनी असेल. घरच्यांनी."

"तो तेंका गावलो हुतो?"

सापडला होता का तो त्यांना. हसू तिथल्या तिथे थांबलं. मला थोरला माहीत नव्हता, फोटोतच पाहिलेला. खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "ते दगडावर नाहीये, आई."

त्या कितीतरी वेळ त्या उलट्या पडणाऱ्या माणसाकडे बघत राहिल्या. ओल्या दगडावरून एक बोट फिरवलं, त्याच्या पायापासून डोक्यापर्यंत. "दर्यात पडलेलो गावता खय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तरी उभो केल्यानी."

मग त्यांनी शेंदराची वाटी खाली ठेवली.

बायकांत कुजबुज झाली. समोरच्या खोलीतली बाई धीर करून म्हणाली की असं कसं, मग आपली आई गेली कुठे, आपण नवस बोललो ते कोणाला. सासूबाई तिच्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. उलट इतका मऊ होता की मी तसा कधी ऐकला नव्हता. "आई हुती ना. तिना ह्येका इतकी वर्सां पोटाशी धरल्यान. आता सोडल्यान. ह्येचा तोंड परत झाकू नको कोणी." मुकादमानं खड्डा घेतला, आणि दगड आतल्या अंगाला उभा केला तो सगळी तारवं जमिनीच्या वर राहतील असा. त्याची ती अक्कल त्यानं स्वतःहून चालवली. त्याबद्दल मी त्याला अजून दुवा देते.

खोळ पाण्यात सोडायचं काम आमच्याकडे आलं. तुकडे उचलताना मी एक उलटा केला आणि तसाच धरून राहिले. आतल्या बाजूनं तो गुळगुळीत नव्हता. कोरीव कामाचा ठसा शेंदरानं जसाच्या तसा घेतला होता, खोल जागी उंच, उंच जागी खोल. सासूबाईंचा तळहात मंगळवारमागून मंगळवार जो शेंदूर लावत होता, तो त्या माणसाच्या बोटांच्या फटीत गेला होता, त्याच्या पापण्यांवर बसला होता. मी तो तुकडा त्यांना दाखवला. त्यांनी तो मांडीवर घेतला. महादेवापुढे बसलेला माणूस, हात जोडलेला. माझ्या सासूबाईंनी त्याला न बघता घडवला होता. मला तिथे जे वाटलं ते भीतीच्या जवळचं होतं, पण भीती नव्हती. आपण फार मोठ्या जागेत उभे आहोत आणि आपला आवाज करू नये, असं काहीतरी.

गलबत गेल्यापासून सासूबाई खाऱ्या पाण्याजवळ गेल्या नव्हत्या. गणपती विसर्जनालासुद्धा घरीच थांबायच्या. त्यामुळे मी आणि नवराच खाडीवर जाणार असं धरून चाललो होतो. पण नवऱ्यानं पाटी डोक्यावर घेतली तर त्या लुगडं बदलून दारात तयार. पूर्वेला मिठागरांच्या बांधावरून, तिवरांच्या कडेनं आम्ही चालत गेलो. खाडी तुडुंब होती. नवरा पाण्यात उतरायला लागला, तर त्यांनी त्याला थांबवलं. भरती आहे, म्हणाल्या, आता सोडलं तर ते फिरून किनाऱ्यालाच येईल, पाणी उलटू दे. मग आम्ही बांधावर बसून राहिलो. त्या पाण्याकडे बघत होत्या, इतक्या वर्षांनी, आणि ते ओळखीचं असल्यासारख्या बघत होत्या. केव्हातरी त्या उठल्या. मला काही फरक दिसत नव्हता, पण त्यांना दिसला. ओहोटी लागली होती.

बाकीचे तुकडे नवऱ्यानं सोडले. तो एक त्यांनी स्वतः नेला, कमरेइतक्या पाण्यात जाऊन. पाण्यावर ठेवताना त्यांनी ठशाची बाजू वर ठेवली. तो तरंगणारा नव्हताच, क्षणभर तिरका झाला आणि गेला. केशरी रंग थोडा वेळ पाण्यात दिसला आणि समुद्राच्या दिशेनं ओढला गेला.

"जा बाबा," त्या म्हणाल्या. "मी आता वाट बघूचंय नाय."

माझा नवरा बांधावर बसून लहान मुलासारखा रडला. त्यांनी त्याला रडू दिलं. ओल्या हातानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या, आणि मी दुसरीकडे तोंड करून रडले, कारण मला लोकांसमोर रडायला आवडत नाही.

परत येताना खाडीच्या वाटेवर कोळणी बसल्या होत्या. सासूबाई थांबल्या. "बांगडे गावतले काय गो?" त्यांनी मला विचारलं, जसं काही त्या रोजच विचारतात. मी म्हटलं, मिळतील. त्यांनी स्वतः कल्ले उचलून, डोळे बघून बांगडे निवडले आणि भावासाठी हुज्जत घातली. घरी येऊन तिखला केला. मला चवीला हाक मारली नाही. पहिलं पान केळीच्या पानावर वाढलं, भात, तिखला, वर एक अख्खा बांगडा, आणि ते घेऊन त्या वळणावर गेल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे.

पान त्यांनी तारवांच्या पुढ्यात ठेवलं, त्या पाण्यात पडणाऱ्या माणसाच्या बरोबर समोर. तेवढ्यात खाणीतून उतरणारा एक ट्रकवाला हात जोडायला थांबला आणि मासे बघून चरकला. म्हणाला, "मावशी, आईला मासे?"

"आई न्हय," सासूबाई म्हणाल्या. "ह्यो माझो झील."

तो बिचारा काय समजायचं ते समजला आणि खाली उतरून त्यानं दगडाला पुन्हा नमस्कार केला. पुढच्या सर्वपित्रीला आमच्या घरात दोन पानं मांडली गेली, आणि चुलत सासरे दर्भ घेऊन आले होते तो या वेळी चुलीत गेला नाही. पण माझ्या आठवणीत तो दिवस सर्वपित्रीचा नाही, हाच आहे.

वळणावरून घरी आल्यावर आम्ही तिघं जेवायला बसलो. सासूबाईंनी स्वतःच्या ताटात बांगडा घेतला. भिंतीकडे नाही, आमच्याकडे तोंड करून बसल्या. काटा बाजूला काढला, रश्श्यात भात कालवला आणि पहिला घास तोंडात घातला. मी आणि नवरा जेवायचे थांबून बघत होतो. त्यांनी घास गिळला, भुवया आकसल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"मीठ कमी आसा गो," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सां तुमी असाच खातास?"